जुनीं नाणीं व त्यांची स्वच्छता



पहिल्या पावसानंतर नांगरलेल्या शेतांत किंवा पडक्या वाड्याच्या मातींत कधीं कधीं एखादें जुनें नाणें सांपडतें. हल्लीं धातुशोधक यंत्र घेऊन अशीं नाणीं हुडकण्याचा छंदहि कित्येकांस लागला आहे. गेल्या वर्षीं आमच्या वर्गांतील एका मुलानें मोठ्या हौसेनें एक शिवराई दाखविण्यास आणिली. चिंच व राख लावून घासल्यामुळें ती नुकत्याच उजळलेल्या तपेलीसारखी लखलखत होती. परंतु तिच्या एका बाजूचें ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूचें ‘छत्रपति’ हीं अक्षरें मात्र नाहींशीं झालीं होतीं. मुलाचा हेतु चांगला होता. त्यास कोणी सांगितलें नव्हतें, एवढेंच.

तांब्याचें नाणें जमिनींत पडून राहिलें म्हणजे हवा, ओलावा व मातींतील क्षार यांच्या योगानें त्यावर हिरवट किंवा तपकिरी थर चढतो. हा थर नुसता मळ नव्हे. नाण्याचाच पृष्ठभाग पालटून तो बनलेला असतो, व अक्षरांचे बारीक उठाव पुष्कळदां त्यांतच शिल्लक असतात. चिंच, लिंबू व शिर्का यांतील आम्ल तो थर विरघळवितें, आणि राख खालची धातूहि खरवडते. एकदां गेलेलें अक्षर पुन्हां येत नाहीं.

त्या अक्षरांचें मोल केवढें असतें पाहा. १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांत जोगलटेंभी येथें १३,००० हून अधिक रुप्याचीं नाणीं सांपडलीं. तीं क्षत्रप नहपानाचीं होतीं. परंतु त्यांपैकीं बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां उमटविला होता. सातवाहनांनीं नहपानाचें राज्य जिंकिलें, यास तो ठसाच साक्षी झाला. तीं नाणीं कोणी राखेनें उजळलीं असतीं तर?

म्हणून इतकेंच करावें. तांब्याचें किंवा रुप्याचें नाणें ऊर्ध्वपातित पाण्यांत भिजत ठेवावें, पाणी बदलीत जावें, व सैल झालेली माती मऊ कुंचल्यानें हळूच काढावी. नंतर तें टिपून पूर्ण कोरडें करावें. रुप्यावरील काळा थर तसाच राहूं द्यावा. सोन्यास पाणी पुरे. शिशाच्या नाण्यास मात्र पाण्यांत भिजवूं नये; तें हाताळल्यावर हात धुवावे, कारण शिसें विषारी आहे. तांब्यावर फिकट हिरवी भुकटी वारंवार उमटत असेल, तर क्षार व ओलावा मिळून नाणें आंतून खात आहेत असें समजावें, आणि तें कोरड्या जागीं ठेवून जाणत्याकडे न्यावें. प्रत्येक नाणें निराळ्या कागदी पाकिटांत ठेवून तें कोठें व केव्हां मिळालें हें पाकिटावर लिहावें.

पालकांनींहि एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. १८७८ च्या कायद्याप्रमाणें जमिनींत दडलेला दहा रुपयांहून अधिक किंमतीचा ठेवा सांपडल्यास कलेक्टरांस कळविणें बंधनकारक आहे. संरक्षित स्मारकाच्या आवारांत तर परवानगीवांचून उकरूंच नये.

कराविषयीं प्रश्न आला तेव्हां प्रभु येशूनें नाणें मागवून त्यावर मुखवटा व लेख कोणाचा आहे, हेंच विचारिलें. नाण्यास बोलकें करणाऱ्या वस्तु त्याच दोन. त्या राखल्या, तर काळवंडलेलें नाणेंहि शेंकडों वर्षांनीं साक्ष देईल.