मेन बंद केला की पंप जळतो?

डिसेंबर जवळ आला की न्यू जर्सीपासून टेक्ससपर्यंतच्या मराठी घरांत बॅगा वजनकाट्यावर चढू लागतात. तीन-चार आठवडे पुण्याला नाहीतर नागपूरला राहायचं असतं. शेजाऱ्याकडे किल्ली जाते, टपाल थांबवलं जातं, फ्रिज रिकामा होतो. मग कुणीतरी विचारतं, "पाण्याचं काय करायचं?" त्यावर हमखास उत्तर येतं, "तुमच्याकडे गरम पाणी फिरवणारा पंप आहे ना? मग मेन व्हॉल्व बंद करू नका. पंप कोरडा चालेल आणि जळेल."

हा सल्ला इतक्या खात्रीने दिला जातो, की शहाणीसुरती माणसंही मेन उघडा ठेवून विमानात बसतात. सल्ला चुकीचा आहे. एका छोट्या पंपाच्या काळजीपोटी तो अख्खं घर धोक्यात टाकतो.

मुळात हा पंप करतो काय? अमेरिकेतली घरं लांब पसरलेली असतात. हीटर गॅरेजमध्ये किंवा बेसमेंटमध्ये आणि न्हाणीघर दुसऱ्या टोकाला. नळ सोडल्यावर गरम पाणी पोचेपर्यंत बादलीभर पाणी वाया जातं. म्हणून पंप पाइपातलं गार झालेलं पाणी ओढून पुन्हा हीटरकडे पाठवतो. काही घरांत त्यासाठी परतीचा वेगळा पाइप असतो. काही ठिकाणी दूरच्या सिंकखाली एक छोटा व्हॉल्व बसवून गार पाण्याच्या पाइपातूनच ते परत नेतात. दोन्हीकडे पाणी फक्त गोल फिरतं. पंप रस्त्यावरच्या जलवाहिनीतून पाणी खेचत नाही, घरात पाणी चढवतही नाही. आपल्याकडच्या सोसायटीत खालच्या टाकीतून गच्चीवर पाणी नेणारा पंप असतो, तो खालची टाकी रिकामी झाली की कोरडा पडतो. तीच भीती इथे लावली जाते, पण दोन्ही यंत्रांचं काम अगदी वेगळं आहे.

मेन बंद केला आणि घरातला एकही नळ उघडला नाही, तर पाइप भरलेलेच राहतात. हीटरची टाकीही भरलेली राहते. पंप आधी जे पाणी फिरवत होता तेच पुढे फिरवत राहतो. नुसता मेन फिरवला म्हणून तो जळत नाही.

तरी पंप बंद करायचाच, पण कारण वेगळं आहे. या पंपांचा फिरता भाग पाण्यातच बुडालेला असतो आणि त्याच्या बेअरिंगना वंगण म्हणून तेच पाणी पुरतं. मेन बंद करून कुणी नळ उघडले, किंवा कुठे गळती झाली, तर पाइपांत हवा शिरते. हीटरमधून गरम पाणी टाकीच्या वरच्या टोकातून निघतं, त्यामुळे टाकी बहुतेक भरलेली राहते. रिकामे होतात ते पाइप, आणि पंप बसवलेला असतो तो त्यांच्यावरच. हवेत फिरणारा पंप पाणी ढकलत नाही, स्वतः तापतो, बेअरिंग झिजतात. थोडक्यात, त्याला मारते ती हवा.

आता मेन उघडा ठेवण्याची किंमत पाहू. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्ससात कडाक्याची थंडी आली. डॅलसमध्ये 16 तारखेला पारा उणे 19 अंश सेल्सियसपर्यंत उतरला, लाखो घरांची वीज गेली आणि असंख्य पाइप फुटले. ह्यूस्टन आणि ऑस्टिनमध्ये नळाला दाब राहिला नाही, पाणी उकळून पिण्याच्या सूचना निघाल्या. टेक्ससात कित्येक घरांचे हीटर माळ्यावर असतात. तिथला पाइप फुटला की पाणी थेट छतातून खोलीत उतरतं. फुटलेल्या पाइपातून मिनिटाला 10 लिटर पाणी जातं असं धरलं, तर दिवसाला 14,400 लिटर होतात. घरचे लोक तीन आठवडे भारतात असले तर हा हिशोब करायलाही धीर लागतो.

बर्फ पाइप फोडतो कसा, याबद्दलही गोंधळ आहे. पाणी गोठताना फुगतं, हे शाळेत शिकलेलं असतं. पण इलिनॉय विद्यापीठातल्या प्रयोगांत दिसलं ते असं: बर्फाचा बोळा पुढचं पाणी बंद नळाकडे दाबत नेतो, तिथला दाब प्रचंड वाढतो आणि पाइप अनेकदा बर्फापासून दूरच फुटतो. माळ्यावरच्या उघड्या पाइपांना बाहेर साधारण उणे 7 अंश झाले की धोका सुरू होतो, असंही त्यात आढळलं. म्हणूनच मेन बंद केल्यावर नळ उघडून दाब सोडायचा असतो. आणि नळ उघडणार म्हणूनच त्याआधी पंपाचा प्लग काढायचा असतो.

ज्यांना हे अजूनही फाजील काळजीचं वाटतं, त्यांनी आपली विमा पॉलिसी उघडून बघावी. घरविम्याच्या एचओ-3 या प्रचलित नमुन्यात पाइप गोठून झालेल्या नुकसानीबद्दल अट असते: घर ऊबदार ठेवण्याची योग्य काळजी घेतलेली असावी, किंवा पाणी बंद करून नळव्यवस्था रिकामी केलेली असावी. "पंप जळेल असं मित्र म्हणाला" हे कारण त्या अटीत बसत नाही.

क्रम सोपा आहे. आधी हीटर: विजेचा असेल तर ब्रेकर पाडावा, गॅसचा असेल तर पायलटवर किंवा व्हेकेशनवर ठेवावा. मग पंपाचा प्लग काढावा. त्यानंतर मेन बंद करून नळ उघडावा. विजेच्या हीटरचा ब्रेकर चालू राहिला आणि टाकीतलं पाणी उतरलं, तर उघडी पडलेली कॉइल बघता बघता जळते. गंमत म्हणजे पंपासाठी घाबरणाऱ्यांना ही भीती कधी शिवत नाही.

बाकी समज लहान आहेत. "टायमर बंद आहे म्हणजे पंप बंद": टायमर ठरल्या वेळी त्याला पुन्हा सुरू करतो, म्हणून प्लगच काढावा. "पाणी बंद केलं, आता घराची हीटिंगही बंद": पाइपांत आणि टाकीत पाणी उरतंच, त्यामुळे अमेरिकन रेडक्रॉस सांगतं तसं घर 13 अंशांच्या खाली जाऊ देऊ नये. "मेनचं चाक घट्ट बसलंय, पान्याने फिरवू": जुन्या गेट व्हॉल्वची दांडी अशीच तुटते, निघायच्या आदल्या रात्री नव्हे, महिनाभर आधी प्लंबरला बोलवावं. "मेन बंद केला की फक्त नळ बंद होतात": कॅलिफोर्नियात 2011 पासूनच्या नव्या घरांत आग विझवणारे स्प्रिंकलर सक्तीचे आहेत, आणि काही घरांत ते याच पाण्यावर चालतात. आपल्या घरात मेन फिरवल्यावर ते बंद पडतात का, हे आधी विचारून घ्यावं.

परत आल्यावर घाई नडते. मेन हळूहळू उघडावा. टाकी भरून गरम पाण्याचे नळ फुरफुरणं थांबेपर्यंत हीटरला हात लावू नये. दोन आठवडे किंवा जास्त काळ न वापरलेल्या हीटरमध्ये हायड्रोजन वायू साठू शकतो, असा इशारा हीटरच्या माहितीपुस्तिकेतच छापलेला असतो. म्हणून गरम पाण्याचा नळ काही मिनिटं तसाच वाहू द्यावा आणि तोवर जवळ सिगारेट किंवा ज्योत नको. आठवडेच्या आठवडे कोमट साचलेल्या पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढतात, तेव्हा पहिलं पाणी वाहू द्यावं आणि हीटर पूर्ण तापल्याशिवाय शॉवरखाली उभं राहू नये. प्रवासाने थकलेल्या माणसाला हे थांबणं जिवावर येतं, तरीही थांबावं. नळांतून हवेचा आवाज पूर्ण थांबला, पाणी एकसारखं वाहू लागलं, की सर्वांत शेवटी पंपाचा प्लग लावावा.