नववीचें वर्ष घरीं

गेल्या वर्षीं चैत्र-वैशाखांत आमच्या पुसदच्या घरीं एक मोठा प्रश्न उभा राहिला. माझ्या धाकट्या दिरांची मुलगी आठवींतून उत्तम रीतीनें पार पडली आणि त्याच सुमारास तिच्या जुन्या दुखण्यानें पुन्हां डोकें वर काढलें. सांधे धरून येणारा ताप, आणि त्याच्यापुढें हृदयास जपण्याची ताकीद. डॉक्टरांनीं स्पष्ट सांगितलें कीं, वर्षभर तरी जिने चढणें, दप्तराचें ओझें वाहणें आणि पांच-सहा तास बांकावर बसणें बंद. शाळेनें हजेरीची अडचण पुढें केली. शाळेला मी दोष देत नाहीं. नियम सर्वांस सारखा. परंतु वर्गांत नेहमीं पुढें असणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीस "एक वर्ष गेलें तर काय बिघडलें?" असें सांगावयास घरांतलें कोणीच धजेना. शेवटीं मामंजी म्हणाले, "घरांत चार पदवीधर आहेत. एक नववी आपल्यास शिकवतां येऊं नये काय?"

शिकवतां येते, पण मामंजींस वाटलें तितकें तें सोपें नव्हतें. आमच्यासारख्या इतर घरांवर असा प्रसंग आल्यास आमच्या चुका त्यांस टाळतां याव्यात, म्हणून हा लेखनप्रपंच.

घरीं शिकणें आपल्या समाजास नवें नाहीं. अनंतशास्त्री डोंगरे यांनीं आपल्या पत्नीस संस्कृत शिकविलें, त्या लक्ष्मीबाईंनीं आपल्या मुलीस, आणि त्या मुलीस १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. न्यायमूर्ति रानड्यांनीं रमाबाईंस घरींच शिकविलें, आणि त्यापायीं घरांतल्याच बायकांचें बोलणें रमाबाईंना किती सोसावें लागलें, तें त्यांच्या आठवणी वाचलेल्या भगिनींस सांगावयास नकोच. पण या दोघींकडे कोणी प्रमाणपत्र मागितलें नाहीं. आज तें मागतात. मुंबईच्या मालविका जोशी हिला तिच्या आईनें सातवीनंतर शाळेंतून काढून घरीं शिकविलें. संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्यें तिनें तीन पदकें मिळविलीं, आणि २०१६ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्सच्या विख्यात तंत्रविद्यापीठानें तिला प्रवेश दिला. तीच मुलगी आपल्या देशांत आय. आय. टी.च्या दारीं उभी राहूं शकत नव्हती. कारण बारावीचें प्रमाणपत्र नव्हतें. चेन्नईच्या गणित-संस्थेनें तेवढें तिला आपल्या वर्गांत बसूं दिलें. अशा मुली लाखांत एक. आपल्या मुलींच्या बाबतींत, घरांतून परत बाहेर पडावयाचें तें कोणत्या दारानें, हें आधीं ठरविलें पाहिजे, आणि मग पुस्तकें उघडावीं. आम्हीं नेमकें उलट केलें व दोन महिने गमावले.

दारें मुख्यतः दोन. पहिलें आपल्या राज्य मंडळाचें. चौदा वर्षें पुरीं झालेल्या आणि निदान पांचवी पास असलेल्या विद्यार्थ्यास सतरा नंबरचा फॉर्म भरून खाजगी रीतीनें दहावीस बसतां येतें. शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो आणि अर्ज परीक्षेच्या पुष्कळ महिने आधीं करावा लागतो. तेव्हां त्या वर्षाचें मंडळाचें पत्रक स्वतः वाचावें, ऐकीव माहितीवर विसंबूं नये. दुसरें दार राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचें. ही संस्था १९८९ सालीं निघाली. तिच्या माध्यमिक परीक्षेसही वयाची किमान मर्यादा चौदाच आहे. पांच विषय पास व्हावे लागतात. पण ते एकाच वेळीं नव्हे. नांवनोंदणी पांच वर्षें टिकते, तेवढ्यांत नऊ वेळां परीक्षेची संधि मिळते, आणि एकदां सुटलेला विषय कायमचा सुटतो. माध्यम मराठी घेतां येतें, आणि विषयांत गृहविज्ञान व चित्रकलाही आहेत. सक्तीच्या शिक्षणाचा २००९ सालचा कायदा सहा ते चौदा या वयापुरता असल्यानें नववीच्या मुलीस त्याची आडकाठी येत नाहीं.

आमच्या भाऊजींस मंडळाचीच दहावी हवी होती. "मुक्त विद्यालय म्हणजे लोक काय म्हणतील?" हा त्यांचा खरा प्रश्न होता, जरी तो त्यांनीं त्या शब्दांत कधीं विचारला नाहीं. पण ज्या मुलीस परीक्षेच्या आठवड्यांतच ताप येण्याचें भय, तिला सगळे विषय एका बैठकींत पेलावयास लावणें मला पटेना. वाद महिनाभर चालला. अखेर मुलगीच म्हणाली, "बाबा, मला दोन-दोन विषय घेऊन बसूं द्या." त्यावर कोणी कांहीं बोललें नाहीं.

येथें एक गोष्ट आम्हांस उशिरा कळली. मुक्त विद्यालयाच्या क्रमांत नववी नांवाची पायरीच नाहीं. माध्यमिक अभ्यास एकच, सबंध. आठवी संपवून आलेलें मूल एकदम त्या पुस्तकांशीं भिडलें तर धापा टाकतें. म्हणून नववी आपली आपणच बांधावी लागते. आम्हीं तिच्यासाठीं बालभारतीचीं २०१७ सालीं निघालेलीं नववीचीं पुस्तकें घेतलीं.

आतां आमच्या पहिल्या फजितीविषयीं. जूनच्या आरंभीं जाऊबाईंनीं पुठ्ठ्यावर सुंदर वेळापत्रक काढलें: आठ ते एक, पस्तीस मिनिटांचे तास, मधली सुट्टी सुद्धां. मामंजी संस्कृत व इतिहास, भाऊजी गणित, मी विज्ञान, यजमान इंग्रजी. तिसऱ्या आठवड्यांत तें कोलमडलें. कधीं भाऊजींस कचेरीचें काम निघे, कधीं माझ्याकडे पाहुणे. आणि जो तास बुडे तो भरून काढण्यास जाऊबाई स्वयंपाक टाकून धांवत. चाळीस मुलांस एकत्र हांकण्यासाठीं घंटा लागते; एका मुलीस ती कशाला? चाळिसांच्या वर्गांत जें पस्तीस मिनिटांत होतें, तें एकटीला बारा मिनिटांत कळतें. आणि जें कळत नाहीं, त्याला कधीं कधीं चार दिवस लागतात.

त्या चार दिवसांचा अनुभव गणितानें दिला. तिला अ अधिक ब यांच्या वर्गाचें सूत्र मुखोद्गत होतें. मामंजींनीं विचारलें, "मधले दोन अब आले कोठून?" मुलगी गप्प. त्यांनीं ओसरीच्या फरशीवर खडूनें चौकोन काढला, त्याच्या बाजूंचे अ आणि ब असे भाग पाडले, आणि त्यांतले दोन लांबट तुकडे हातानें दाखविले. ती म्हणाली, "हें मला कधीं कोणी दाखविलेंच नाहीं." मग आम्हीं मागें मागें जात पाहिलें, तों अपूर्णांक आणि ऋण संख्या येथें सहावीपासूनचीं भोकें सांपडलीं. पहिले सहा आठवडे आम्हीं नववीच्या गणितास हात लावला नाहीं, सहावी-सातवीच बुजविली. भाऊजी अस्वस्थ झाले. पण पुढें दोन चलांचीं समीकरणें तिनें आठवड्याभरांत संपविलीं. घरीं शिकविणारांनीं पहिला महिना या तपासणीलाच द्यावा, असें माझें आग्रहाचें सांगणें आहे.

दुसरा बेत साधा ठेवला. गणित आणि लेखन हीं रोज, सकाळीं, ताज्या डोक्यानें, दोन तास. त्यांत खंड नाहीं. बाकीचे विषय आठवड्यास एक असे पाळीपाळीनें. एका आठवड्यांत फक्त विज्ञान, दुसऱ्यांत फक्त भूगोल. दुपारीं सक्तीची झोंप, मग वाचन. विदर्भांतल्या उन्हाळ्यांत तर दुपारचा अभ्यास हा नुसता देखावाच. भाऊजी करसल्लागार आहेत. त्यांनीं फक्त अर्थनियोजनाचें प्रकरण घेतलें आणि घरच्याच प्राप्तिकराचा हिशेब तिच्याकडून करविला. (आमच्या घरांत खर्च किती होतो, हें त्या दिवशीं तिला प्रथम कळलें, आणि जाऊबाईंच्या साडीखरेदीवर तिनें टीकाही केली!) आम्ल आणि अल्कली यांच्यासाठीं लिटमस आणण्यापूर्वीं हळदीचें पाणी घेतलें, साबणाच्या फेसांत तें लाल झालेलें पाहून सासूबाई म्हणाल्या, "अग, चुना घालून हळदीचें कुंकूच करतात कीं!" त्या दिवशींचा तास त्यांनींच घेतला.

भूगोलास आम्हीं दाराशींच आरंभ केला. गांवाजवळून वाहणारी पूस पुढें पैनगंगेस मिळते, पैनगंगा वर्धेस. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, आणि प्राणहिता गोदावरींत जाते. आपल्या गांवचें पाणी बंगालच्या उपसागरास कसें पोंचतें, याचा नकाशा तिनें स्वतः काढला. नववीच्या इतिहासाच्या त्या पुस्तकाचा विषय १९६० नंतरचा भारत. तो पुसदच्या मुलीस परका कसा वाटावा? १९६३ ते १९७५ राज्याचे मुख्यमंत्री असलेले वसंतराव नाईक हे जवळच्याच गहुलीचे. तिनें १९७२ च्या दुष्काळाविषयीं घरांतल्या व शेजारच्या वृद्धांस विचारून टिपणें केलीं: रोजगार हमीचीं कामें, सुकडी, ती तांबडी मिलो ज्वारी. तिघांच्या सांगण्यांत तीन फरक निघाले. मामंजी रागावले, "मी खोटें सांगतों काय?" परंतु कोणाची आठवण कोठें घसरते, हें पुस्तकाशीं ताडून पाहण्याची संवय तिला त्या भांडणानें लागली, आणि ती संवय शाळेंत लागली असती कीं नाहीं, याची मला शंका आहे.

सगळेंच असें गोड नव्हतें. विज्ञानांतील विद्युत्प्रवाह मीं वाईट शिकविला. मला स्वतःलाच तो विषय कच्चा, आणि तें कबूल करण्यास मीं पंधरा दिवस लावले. शेवटीं गांवांतल्या एका निवृत्त शिक्षकांकडे आठवड्यांतून दोनदां शिकवणी ठेवली. घरचा अभ्यास म्हणजे सर्व कांहीं घरच्यांनींच शिकविणें, हा हट्ट व्यर्थ आहे.

दुसरी गोष्ट लिहितांना संकोच वाटतो. 'घरांत चार पदवीधर' हें बोलावयास ठीक. प्रत्यक्षांत सारा भार मुलीच्या आईवर पडतो. पुरुष शिकवितात तो तास. वही तपासणें, औषध देणें, रुसवा काढणें आणि पुन्हां बसविणें, याला तास नसतो. दिवाळीपूर्वीं जाऊबाई एके संध्याकाळीं देवघराशीं रडत बसलेल्या मीं पाहिल्या. त्या दिवसापासून संध्याकाळचा स्वयंपाक त्यांच्याकडून काढून घेतला, आणि वह्या पाहण्याचें काम यजमानांकडे दिलें. ज्या घरांत ही वांटणी आधीं होणार नाहीं, त्या घरानें या भानगडींत पडूं नये, असें मला वाटतें.

आणि एकटेपण. चुलत भावंडें शाळेस गेलीं कीं, दहापासून पांचपर्यंत तिच्या वयाचें घरांत कोणी नसे. श्रावणांत तिच्या दोन मैत्रिणी दर रविवारीं येऊं लागल्या. त्या शाळेच्या गोष्टी सांगत आणि ती ऐके. एकदां त्या गेल्यावर ती म्हणाली, "काकू, मला वर्गांतल्या विनोदांचें हंसूंच येत नाहीं आतां." याला माझ्याकडे उत्तर नव्हतें. आम्हीं एवढेंच केलें कीं, त्या मुलींस गणित शिकविण्याचें काम तिच्याकडे दिलें. ओसरीवरचा तो खडूचा चौकोन तिनें त्यांनाही काढून दाखविला.

यंदाच्या एप्रिल-मे महिन्यांच्या परीक्षेस ती मराठी आणि गणित एवढ्याच दोन विषयांना बसली. पेपराच्या आदल्या रात्रीं थोडा ताप होता, सकाळीं उतरला. इंग्रजी, विज्ञान व सामाजिक शास्त्र पुढील सत्रांसाठीं ठेवलीं आहेत, आणि सहावा विषय म्हणून चित्रकला तिनें हट्टानें घेतली आहे. डॉक्टर आतां जिने चढण्यास हरकत नाहीं म्हणतात. तेव्हां भाऊजींनीं पुन्हां शाळेचा विषय काढला आहे. पण शाळेंत परतावयाचें तर नववीपासूनच, म्हणजे एका वर्षानें लहान मुलींबरोबर. तिनें विचार करावयास आठ दिवस मागितले आहेत. त्यांतले पांच गेले.