गोडवा किती असावा?

रुग्णांना पवित्र कम्युनियन देण्यासाठी घरोघरी जाताना मधुमेहामुळे पायाचे बोट गमावलेले वा दृष्टी मंदावलेले भाविक भेटतात. निघताना त्याच घरात गोडमिट्ट चहा पुढे येतो. नकार देणे मलाही जड जाते!

प्रौढ व्यक्तीने वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, शक्य तर २५ ग्रॅमच्या आत ठेवावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचविले. २५ ग्रॅम म्हणजे चहाचे सुमारे सहा चमचे. दोन-दोन चमच्यांचे चार कप चहा घेतले की ही मर्यादा ओलांडली जाते. बिस्किटे व शीतपेये निराळीच.

साखर खाल्ली की लगेच मधुमेह जडतो, असे नव्हे. साखरेत ग्लुकोज व फ्रुक्टोज असे दोन घटक असतात. फ्रुक्टोजचा भार मुख्यत्वे यकृतावर पडतो. गरजेपेक्षा अधिक झाल्यास यकृत त्याची चरबी बनविते. ती यकृतात व पोटात साठत गेली की शरीर इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देईनासे होते आणि रक्तातील साखर वाढू लागते. हे वर्षानुवर्षे चालते, दुखत मात्र काहीच नाही. म्हणून तिशीनंतर रक्ततपासणी करून घ्यावी. गूळ वा मध वापरल्यानेही सुटका नाही.

पुष्कळ भाविक राखेच्या बुधवारपासून चहातील साखर सोडतात. हे स्तुत्यच, परंतु पुनरुत्थानाच्या सकाळी ती दुप्पट परतते. तोवर जिभेला कमी गोडाची सवय लागलेली असते, तेव्हा सणानंतरही निदान एक चमचा कमीच ठेवावा. मधुमेहाची औषधे चालू असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच उपवास करावा.