शिक्षण मंडळातील विद्यार्थ्याचे मत
अमेरिकेतील मेरीलँड राज्याच्या हॉवर्ड काउंटीत, म्हणजे तेथील जिल्ह्यात, सरकारी शाळांचा कारभार पाहणाऱ्या शिक्षण मंडळावर सात प्रौढ सदस्यांबरोबर विद्यार्थ्यांनी निवडलेला एक विद्यार्थीही बसतो आणि अर्थसंकल्प व नेमणुका यांसारखे विषय वगळता त्याचे मत इतरांइतकेच मोजले जाते. कोरोनाकाळात शाळा उघडण्याच्या प्रश्नावर मते समसमान पडून ठराव अडला, तेव्हा पालकांनी अल्पवयीनाच्या या अधिकारालाच आव्हान दिले. परंतु हे पद विधिमंडळाने कायद्याने निर्माण केलेले असल्यामुळे राज्यघटनेतील वयाची अट त्याला लागू होत नाही, असा निर्णय राज्याच्या सर्वोच्च स्तरावरील न्यायालयाने २०२२ मध्ये दिला. निर्णयांचे परिणाम रोज भोगणाऱ्यांना केवळ सल्ल्याचा नव्हे, तर ठराव अडवण्याचाही अधिकार असावा, हे न्याय्यच आहे. मात्र अर्थसंकल्पाविना तो अपुरा राहतो, आणि शेजारच्या ॲन अरंडेल काउंटीत अर्थसंकल्पावर मत देण्याचा अधिकारही विद्यार्थी सदस्याला आहे.