घाटातील बारी आणि कागदावरील नियम

चैत्रात मुंबईचे डबेवाले काही दिवसांची रजा घेतात आणि चाकरमान्यांच्या दुपारच्या जेवणाची पंचाईत होते. दरवर्षी वृत्तपत्रांत याची लहानशी बातमी येते आणि रजेचे कारण ‘गावची जत्रा’ एवढ्या दोन शब्दांत उरकले जाते. मावळ, खेड, आंबेगाव आणि जुन्नर या तालुक्यांतून आलेल्या या मंडळींच्या जत्रेत नेमके काय असते, याची चौकशी शहरात क्वचितच होते. देवाचा अभिषेक असतो, पालखी असते, रात्री तमाशा आणि दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा आखाडाही असतो. पण ज्याच्या ओढीने माणूस आठवडाभराचा रोजगार बुडवून गाव गाठतो, ते बहुधा बैलगाड्यांच्या शर्यतीचे वेड असते.

या भागात शर्यतीचा शब्द ‘बैलगाडा’ असा पुल्लिंगी आहे आणि तिचे रूपही राज्यातील इतर शर्यतींहून निराळे आहे. सातारा-सांगलीकडे सपाट माळावर अनेक छकडी एकाच वेळी सुटतात आणि प्रत्येकीवर गाडीवान असतो. विदर्भात शंकरपट भरतो. जुन्नर-आंबेगावात मात्र गाडा ‘घाटात’ पळतो. घाट म्हणजे डोंगरातला रस्ता नव्हे. गावाशेजारी चढावर माती दाबून तयार केलेली धावपट्टी. एका वेळी एकच गाडा सुटतो. त्याला चार बैल असतात, दोन पुढे आणि दोन मागे. गाडा म्हणजे हलका लाकडी सांगाडा आणि दोन चाके. त्यावर कोणी बसत नाही. पुढे एक घोडी आणि तिच्यावर स्वार. बैल तिच्या मागे झेपावतात. या एका धावेला ‘बारी’ म्हणतात. चांगली बारी बारा सेकंदांच्या आसपास संपते.

प्रतिस्पर्धी गाडा शेजारी नसल्याने ही झुंज घड्याळाशी असते. ठरावीक सेकंदांच्या आत घाट चढलेले सारे गाडे पहिल्या क्रमांकात येतात, त्यापेक्षा अधिक वेळ घेणारे दुसऱ्यात, आणि त्या त्या क्रमांकाचे बक्षीस सर्वांत वाटले जाते. एकाच जत्रेत डझनभर गाडे ‘पहिले’ आलेले पाहून परगावचा माणूस चक्रावतो. वास्तविक ही रचना मोठी शहाणपणाची आहे. एकाने जिंकावे आणि बाकीच्यांनी मान खाली घालून घरी जावे, असा हा खेळ मुळात नाही. दिवसातील सर्वांत वेगवान गाड्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो तो वेगळा; त्यावरून मात्र वर्षभर पारावर वाद चालतो.

या बारा सेकंदांच्या मागे वर्षभराची जी यंत्रणा उभी असते, ती एखाद्या क्रीडामंडळापेक्षा कमी नसते. चारही तोडीचे बैल एकाच दावणीला असणे सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे असते. म्हणून एका गावच्या मालकाचे दोन, दुसऱ्याचा एक, तिसऱ्याचा एक अशी जुळवणी करून गाडा उभा राहतो आणि निवेदक भोंग्यावरून तिघांचीही नावे पुकारतो. बैल बहुधा खिल्लार जातीचे. ते हेरायला मालक बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात फिरतो किंवा थेट माणदेश गाठतो. त्यांचा खुराक, त्यांचे चालणे, विहिरीत किंवा तळ्यात पोहणे, घोडीच्या मागे धावण्याची सवय या साऱ्यांत घरातील बायकापोरांसह अर्धी वाडी गुंतलेली असते. बैल थकला तरी पुष्कळ मालक त्याला बाजार दाखवत नाहीत. गाड्याचा बैल वारल्यावर घरच्या माणसाप्रमाणे त्याचा दशक्रिया विधी केल्याच्या बातम्या या भागात नव्या नाहीत. शहरी वाचकाला यात अतिरेक दिसेल; पण ज्या जनावराने घराण्याचे नाव चार तालुक्यांत नेले, त्याचे ऋण फेडण्याची रीत त्या घराने स्वतःच्या परंपरेतूनच शोधायची ना?

माणसाचे आयुष्यही घाटावर टप्प्याटप्प्याने सरकते. दहा-बारा वर्षांचा मुलगा बैलांना पाणी दाखवतो. अंगात बळ आले की गाडा जुंपताना उसळत्या बैलांना धरून ठेवणाऱ्या घोळक्यात त्याला जागा मिळते. हिंमत असेल तर तो घोडीवर बसतो. पुढे कर्ता झाला की स्वतःचा बैल घेतो आणि केस पिकल्यावर यात्रा समितीत बसून इतरांचे सेकंद मोजतो. हातातल्या घड्याळाची जागा बऱ्याच घाटांवर आता संवेदक बसवलेल्या स्वयंचलित घड्याळांनी घेतली आहे. निकालावरून होणारी भांडणे त्यामुळे कमी झाली असतील. ज्येष्ठांचा रुबाबही थोडा कमी झाला.

यात्रा समिती हा या व्यवस्थेचा कणा. घरटी वर्गणी, मुंबईतील ग्रामस्थ मंडळाकडून येणारा वाटा, नारायणगावच्या राहुट्यांवर जाऊन ठरवलेली तमाशाची सुपारी, घाटाची डागडुजी, गाडामालकांना द्यायची टोकने आणि बाऱ्यांचा क्रम हे सारे तीच पाहते. आंबेगाव तालुक्यात नागापूरजवळच्या थापलिंगच्या खंडोबाला पौष पौर्णिमेस नवसाचे गाडे पळतात. तेथे स्पर्धेइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व बोललेला नवस फेडण्याला असते. देवस्थान, शेती आणि खेळ यांची ही वीण इतकी घट्ट आहे की त्यातून ‘खेळ’ तेवढा वेगळा काढून दाखवणे कठीण. या खेळाचे बळही त्यात आहे आणि दुबळेपणाही.

दुबळेपणा असा, की या साऱ्याला लिखित नियम कधी लाभले नाहीत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या मातीतील इतर खेळांनी हे काम वेळेवर केले. खो-खोची नियमावली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये सिद्ध केली. हुतुतूला बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ च्या सुमारास नियमांच्या चौकटीत आणले. पुढे कबड्डी म्हणून तो १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत पोहोचला. आयर्लंडमध्ये तर याहून आधी, १ नोव्हेंबर १८८४ रोजी, मायकेल क्युसॅक नावाच्या शिक्षकाने आणि त्याच्या मूठभर सहकाऱ्यांनी थर्ल्स गावातील एका हॉटेलात बसून गेलिक ॲथलेटिक असोसिएशन स्थापन केली. हर्लिंग हा काठी-चेंडूचा त्यांचा प्राचीन खेळ तोवर गावोगाव वेगवेगळ्या रीतीने खेळला जात होता आणि इंग्रजी खेळांपुढे मागे पडत होता. संस्थेने नियम लिहिले आणि चर्चच्या परगण्यागणिक क्लब उभा करण्याची पद्धत पाडली. आज डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानात ८२ हजारांहून अधिक प्रेक्षक बसतात, आणि मैदानात उतरणारे खेळाडू मात्र वेतन न घेणारे, कुठे शिक्षक तर कुठे शेतकरी असतात. मनुष्य ज्या गावात जन्मला त्या गावच्या क्लबासाठी तो आयुष्यभर राबतो.

जुन्नर-आंबेगावच्या माणसाला यातील कोणती गोष्ट परकी वाटेल? गावनिष्ठा आहे, वर्गणी आहे, पिढीजात सेवा आहे. नाही ते एवढेच, की आमच्या गावांनी एकत्र बसून ‘हे चालेल, हे चालणार नाही’ असे कागदावर उतरवले नाही. प्रत्येक घाटाचा देव निराळा आणि कायदाही निराळा. परिणामी बैलाच्या शेपटीला चावा घेणे, टोकदार पराणी टोचणे, बॅटरीचा झटका देणे असे प्रकार काही ठिकाणी घडत राहिले आणि त्यांना आवरणारा अधिकार कोणाकडेच नव्हता. सगळेच मालक असे करीत होते, असे नव्हे. पुष्कळांना ते मनापासून अमान्य होते. पण अमान्य असणे आणि बंद पाडणे यांत अंतर असते.

ते अंतर अखेर दिल्लीतून मिटवले गेले. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ११ जुलै २०११ रोजी बैलाचा समावेश खेळासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ए. नागराज खटल्याच्या निकालात तमिळनाडूतील जलिकट्टूबरोबर महाराष्ट्रातील शर्यतीही थांबवल्या. बैल हा ओझे ओढणारा प्राणी असून घोड्याप्रमाणे धावण्यासाठी त्याची शरीररचना नाही, हा त्या निकालातील कळीचा मुद्दा होता. २०१६ च्या जानेवारीत केंद्राने काढलेली सवलतीची अधिसूचना काही दिवसांतच स्थगित झाली. २०१७ मध्ये राज्य विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली, तर मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये परवानग्या रोखल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्याला अंतरिम मुभा दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली.

मधल्या वर्षांत घाटांवर गवत माजले. याच काळात शेतीतूनही बैल वेगाने हद्दपार होत होता. कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर ऊस, द्राक्षे आणि टोमॅटो उभे राहिले, आणि मशागत ट्रॅक्टरकडे गेली. २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हणजे औताला नको, शर्यतीला नाही आणि विकताही येत नाही, अशा जनावराला पोसणार कोण? २०१२ आणि २०१९ च्या पशुगणनांदरम्यान देशातील नर गोवंश सुमारे ३० टक्क्यांनी घटला. त्याचे खापर शर्यतबंदीवर फोडणे हास्यास्पद ठरेल. पण या दोन तालुक्यांत खिल्लार बैल बाळगण्याचे जे एक ठोस कारण शिल्लक होते, ते नाहीसे झाले होते हे खरे.

आणि तरीही मालकांनी बैल ठेवले. बंदीने त्यांना आणखी एक गोष्ट करायला भाग पाडले. तोवर एकमेकांच्या घाटावर पाहुणे म्हणून जाणारी ही माणसे संघटना म्हणून एकत्र आली. वकील नेमले गेले, रास्ता रोको झाले, काहींवर गुन्हे दाखल झाले. शिरूर लोकसभा मतदारसंघात हा निवडणुकीचा प्रश्न बनला. शिवाजीराव आढळराव पाटील आणि डॉ. अमोल कोल्हे या दोघाही माजी-आजी खासदारांना त्याची दखल घ्यावी लागली. फेब्रुवारी २०२२ मध्ये कोल्हे यांनी निमगाव दावडीच्या घाटात बारीपुढे घोडी पळवून दिलेला शब्द पाळला, तेव्हा दूरचित्रवाणीवर ती गंमत म्हणून दाखवली गेली. घाटावरच्या लोकांना त्यात गंमत वाटली नव्हती.

आज शर्यत हवी असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. जेथे ती पूर्वापार होत आली आहे अशाच ठिकाणी, एक हजार मीटरपेक्षा लांब नसलेल्या धावपट्टीवर, पशुवैद्यकाने तपासलेल्या बैलांनी ती व्हायची आहे. बैलाला वेदना दिल्याचे सिद्ध झाल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीवान असो वा नसो, दोन्ही प्रकार कायद्याच्या व्याख्येत बसवले आहेत. घाटातल्या बिनचालकाच्या गाड्याची अशी नोंद सरकारी कागदावर होणे ही छोटी गोष्ट नव्हे. आयर्लंडच्या शिक्षकाने जे स्वेच्छेने केले, ते इथे न्यायालयाच्या धाकाने झाले, एवढाच फरक.

मात्र कागद तालुक्याला तयार होत नाही, तो मुंबईतून येतो. नियम पाळले गेले की नाहीत हे पाहायला पोलीस आणि पशुवैद्यक जत्रेपुरते येतात. वर्षभर गोठ्यात आणि सरावात काय चालते, हे फक्त दुसऱ्या गाडामालकालाच ठाऊक असते. पराणी वापरणाऱ्याला पुढच्या हंगामात टोकन नाकारण्याचे धारिष्ट्य यात्रा समित्यांनी एकमेकांत ठरवून दाखवले, तर प्रशासनाच्या दहा परिपत्रकांहून ते अधिक परिणामकारक ठरेल. प्रेक्षकांच्या सुरक्षेचेही तेच आहे. बिनचालकाचा गाडा घाट सोडून गर्दीत घुसला तर त्याला आवरायला कोणी नसते; कठडे किती अंतरावर घालायचे हे समितीनेच ठरवायचे असते.

समित्यांपुढे दुसरी अडचण पैशाची आहे. मे २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडमधील चिखलीत भरलेल्या शर्यतीत पहिल्या बक्षिसाला जेसीबी यंत्र होते. मोटारी, ट्रॅक्टर आणि दुचाकींची रांग वेगळीच. तेव्हापासून बक्षिसांची चढाओढ थांबलेली नाही. नामांकित बैलाचे मोल लाखांत बोलले जाते आणि तो कोणत्या घाटावर न्यायचा हे नवसापेक्षा बक्षिसावरून ठरू लागले आहे. जुन्नरच्या आडगावातील समिती घरटी वर्गणी काढून ढाल, फेटा आणि काही हजारांची रक्कम देऊ शकते. तिच्या जत्रेच्या तारखेलाच चाळीस किलोमीटरवर कोणा पुढाऱ्याचा वाढदिवस निघाला, तर तिच्या घाटात किती बाऱ्या होणार? काही गावांनी यावर शेजारच्या गावांशी तारखा आणि बक्षिसाची मर्यादा बोलून ठरवायला सुरुवात करावी, अशी चर्चा गाडाशौकिनांत होते. ती बैठक कोणी बोलवायची, आणि कोणत्या गावात, यावर गाडी अडते.