वृक्षाला चीवर, गरिबाला जमीन

झाड तोडणे हे बौद्ध धर्मात पाप मानले जाते काय, या प्रश्नाचे उत्तर तो विचारणारा भिक्खू आहे की शेतकरी यावर अवलंबून असते. भिक्खुसंघाचे आचारनियम ज्यात एकत्र केले आहेत त्या विनयपिटकात ‘पाचित्तिय’ नावाचा दोषांचा एक वर्ग आहे. सहभिक्खूपुढे कबुली दिली की ज्यांतून मोकळे होता येते असे हे दोष असून, त्यांत जमीन खणण्यास आणि वाढती वनस्पती नष्ट करण्यास लागोपाठच्या दोन नियमांनी मनाई केली आहे. दुसऱ्या नियमाची उत्पत्तिकथा आळवी येथील एका भिक्खूची आहे. झाडावर राहणाऱ्या देवतेने विनवूनही त्याने कुऱ्हाड चालवली आणि तिच्या मुलाच्या हातावर घाव बसला. मूळ, खोड, पेर, शेंडा आणि बी यांपैकी कशापासूनही रुजू शकणारी वनस्पती या नियमाखाली येते, त्यामुळे थेरवादी देशांत आजही भिक्खूला बियांचे फळ दान करताना उपासक त्यावर सुरी किंवा नख टोचतो आणि मगच ते खाण्यास योग्य ठरते.

शेतकऱ्याला मात्र हा नियम लागू नाही. उपासकाच्या पाच शीलांपैकी पहिले शील प्राण्याची हत्या न करण्याचे आहे आणि त्यात वनस्पतींचा समावेश होत नाही. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये असे सांगितले आहे, पण त्या यादीत शेती नाही. तरीही रान पेटवून शेत करणाऱ्याची यातून सुटका होते असे नाही, कारण आगीत सरडे, पिले, किडेमुंग्या जळतात आणि बौद्ध विचारात कर्माचे मोल ‘चेतना’, म्हणजे कृतीमागचा हेतू, पाहून ठरते. मारण्याच्या इच्छेने लावलेली आग आणि पोटासाठी केलेली तोड यांत म्हणूनच फरक केला जातो, जरी दुसरीही सर्वस्वी निर्दोष ठरत नसली तरी. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखातील आज्ञा याच धर्तीची आहे: निष्कारण किंवा प्राणिहिंसेसाठी वने जाळू नयेत. सकारण जाळण्याला तीत बंदी नाही. वादाचा मुद्दा उरतो तो त्या कारणाचा.

गरिबी हे असे कारण होऊ शकते काय? दारिद्र्य ही पवित्र अवस्था आहे असे पालि ग्रंथ गृहस्थाला सांगत नाहीत. दीघनिकाय या दीर्घ सुत्तांच्या संग्रहातील चक्कवत्तिसीहनादसुत्तात राजाने निर्धनांना धन न दिल्यामुळे दारिद्र्य वाढले, त्यातून चोरी, चोरीतून शस्त्रे आणि शस्त्रांतून हत्या वाढली, अशी कारणांची साखळीच मांडली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात बुद्धाने दारिद्र्याचा गौरव केला नाही हे आग्रहाने नोंदवले आहे. आणि धम्मदीक्षेनंतर अवघ्या तीन वर्षांत, १९५९ मध्ये, दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रात भूमिहीनांचा सत्याग्रह उभा राहिला, हा निव्वळ योगायोग मानता येणार नाही. परंतु याच दीघनिकायातील कूटदंतसुत्तात पुरोहित राजाला जो उपाय सांगतो तो बारकाईने वाचण्यासारखा आहे. चोरांचा उपद्रव शिक्षेने मिटणार नाही, शेतकऱ्याला बियाणे आणि चारा द्यावा, व्यापाऱ्याला भांडवल द्यावे, राजसेवकाला वेतन द्यावे, असे तो म्हणतो. आणि त्यानंतर होणाऱ्या यज्ञात यूपासाठी, म्हणजे पशू बांधण्याच्या खांबासाठी, एकही झाड तोडले जात नाही. गरिबाला राजाच्या कोठारातून द्यायचे आहे, रानातून नव्हे.

विसाव्या शतकातील थायलंडमध्ये नेमके उलटे घडले. १९६१ मध्ये त्या देशाच्या निम्म्याहून अधिक भूभागावर जंगल होते. १९८०चे दशक संपताना ते जेमतेम पाव हिस्सा उरले. ईशान्येकडील इसान या कोरडवाहू प्रदेशात आधी अंबाडी, मग मका आणि ज्या कंदापासून साबुदाणा बनतो तो कसावा यांसाठी रान मोकळे झाले. हा कसावा युरोपातील जनावरांच्या खाद्यासाठी जात असे. लाकूडतोडीच्या ठेकेदारांनी रस्ते पाडायचे आणि त्यांच्यामागून भूमिहीन कुटुंबांनी आत शिरायचे, असा क्रम होता. कम्युनिस्ट बंडखोरांना आसरा मिळू नये म्हणून लष्करानेही काही ठिकाणी अशा वस्त्यांना उत्तेजन दिले. कागदोपत्री ही जमीन राखीव जंगलच राहिली, त्यामुळे ती कसणारे लाखो लोक कायद्याने अतिक्रमक ठरले. नोव्हेंबर १९८८ मध्ये दक्षिणेत नाखोन सी थम्मरात प्रांतात उजाड डोंगरांवरून ओंडके आणि चिखल घेऊन पूर आला, शेकडो माणसे मेली आणि जानेवारी १९८९ मध्ये सरकारने लाकूडतोडीवर बंदी घातली.

यानंतरचा प्रसंग या विषयातला सर्वांत बोचरा म्हणावा लागेल. १९९१ च्या उठावानंतर सत्तेवर आलेल्या लष्करी राजवटीने इसानमध्ये ‘खो जो को’ या आद्याक्षरी नावाने ओळखली जाणारी योजना रेटली. ऱ्हास पावलेल्या राखीव जंगलांतील गरिबांना जमीन देण्याची ही योजना असल्याचे तिच्या अधिकृत नावात म्हटले होते. प्रत्यक्षात सुमारे अडीच लाख कुटुंबांना हलवून बरीचशी जमीन निलगिरीच्या व्यापारी लागवडीसाठी मोकळी करण्याचा बेत होता. बुरीराम प्रांतातील डोंग याई जंगलात प्रा प्रचक हे भिक्खू (‘प्रा’ ही थाई भाषेतील आदरार्थी उपाधी) गावकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले आणि त्याच वर्षी त्यांना अटक झाली. उरलेले जंगल गावकऱ्यांनी राखावे आणि कसलेली जमीन त्यांच्याकडे राहावी, ही त्यांची भूमिका होती. शेतकऱ्यांच्या मोर्चांनंतर जुलै १९९२ मध्ये योजना मागे घेण्यात आली.

याच सुमारास झाडाला भगवे चीवर, म्हणजे भिक्खूचे वस्त्र, गुंडाळून त्याला प्रतीकरूपाने ‘दीक्षा’ देण्याची प्रथा उत्तर थायलंडमध्ये रुजली. दीक्षा केवळ मनुष्याला देता येते, असा आक्षेप सनातनी वृत्तीच्या भिक्खूंनी घेतला आणि विनयाच्या दृष्टीने तो चुकीचा नव्हता; मात्र चीवर नेसलेल्या झाडावर घाव घालण्यास हात धजावत नाही, हा परिणाम त्यांनाही नाकारता आला नाही. नान प्रांतात प्राख्रू पितक या भिक्खूंनी केलेल्या विधीत भिक्षापात्रातील पाण्यात बुद्धाची लहान मूर्ती उभी केली जाई आणि गावचे मुखिया ते पाणी पिऊन जंगल राखण्याची शपथ घेत. अधिक महत्त्वाचे असे की, पितक यांनी विधीवर भागवले नाही: एकाच पिकावरचे कर्ज आणि दरवर्षी नवे रान तोडण्याची गरज तुटावी म्हणून भात, फळझाडे आणि मासे एकत्र घेणाऱ्या मिश्र शेतीचा त्यांनी प्रसार केला, नदीत मासेमारीबंदीचे पट्टे राखले. कूटदंतसुत्तातील बियाण्याचा आधुनिक अर्थ कुठे सापडत असेल तर तो इथे सापडतो.

पण भिक्खू जंगलाच्या बाजूने उभा राहिला की गरिबांचा प्रश्न आपोआप सुटतो असे मानणे भाबडेपणाचे होईल. चियांग माई प्रांतातील चोम थोंग तालुक्यात, माए सोई खोऱ्यात, अजान पोंगसाक या भिक्खूंनी पाणलोटातील जंगल वाचवण्यासाठी तळातल्या भातशेतकऱ्यांना संघटित केले आणि उतारावर काटेरी तारेचे कुंपण घातले गेले. वर डोंगरात कोबी पिकवणारे होते ते ह्मोंग आदिवासी, ज्यांना अफूची लागवड सोडून कोबी घेण्यास सरकारी आणि परदेशी प्रकल्पांनीच उद्युक्त केले होते. पाणी आटले म्हणून खालचा शेतकरी गरीब झाला होता आणि कुंपणामुळे वरचा होणार होता. खालच्यांची भाषा आणि विहार बहुसंख्याकांचे होते, वरच्यांपैकी अनेकांकडे नागरिकत्वाची कागदपत्रेही नव्हती. जंगल राखण्याची किंमत कोणी मोजायची याचा निवाडा करुणेपेक्षा या फरकाने अधिक झाला, असे म्हणावे लागते.

सामुदायिक वनांचा कायदा थायलंडमध्ये अखेर २०१९ मध्ये संमत झाला. जंगल राखून त्यातील सरपण, मध, अळंबी घेण्याचा गावाचा अधिकार त्याने मान्य केला, परंतु राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये त्यातून वगळली आणि डोंगरी जमातींच्या कितीतरी वस्त्या त्याच हद्दीत येतात.