ओ नसलेला ओ

बंगळूरच्या कनकपुरा रस्त्यावरच्या बनशंकरीच्या देवळात राहुकाळ साधून लिंबाचे दिवे लावतात. अर्धे लिंबू पिळायचे, साल उलटी करून तिची वाटी करायची, त्यात तेल आणि वात. देऊळ 1915 सालचे, देवीचे मूळ ठाणे मात्र बदामीजवळचे. पौषात, शाकंभरीच्या दिवसांत, तिथे मोठी जत्रा भरते. कितीतरी देशस्थ घराण्यांची आणि देवांग विणकरांची ही कुलदेवता. घर पुण्याला गेले, बंगळूरला आले, न्यू जर्सीत स्थिरावले, तरी कुलदेवता बरोबर जाते. ती कोणाकडून कोणाकडे जाते हा नियम मात्र पाहण्यासारखा आहे. बापाकडून मुलाकडे जाते. मुलगी सासरी गेली की तिची कुलदेवता बदलते, आणि आईच्या माहेरची देवी मुलांच्या खात्यात येतच नाही. गोत्राचे तसेच, आडनावाचे तसेच, आणि अगदी काल-परवापर्यंत सातबाराचेही तसेच. आपल्याकडे वारसा म्हणजे एकेरी वाट. ती समाजाने आखली, आणि समाज आपले नियम ठरवू शकतो. अडचण इथे आहे की हीच एकेरी वाट आपण शरीरालाही लावतो. स्थळ बघताना, लग्न ठरवताना आणि 'आमच्या घराण्यात असे काही नाही' असे छातीठोक सांगताना आपण कुळाचा हिशेब शरीराचा म्हणून वाचतो. तो किती चुकतो याचा पुरावा मराठी मुलखातच सापडला आहे आणि त्याला नावही मुंबईचेच आहे.

आधी भाषेचे पाहू. रक्ताचे नाते, रक्तातच आहे, आपलेच रक्त: मराठीत आनुवंशिकता म्हणजे रक्त, आणि रक्त म्हणजे पातळ, मिसळणारी वस्तू. दोन रंग एकत्र केले की तिसरा मधला रंग होतो आणि मूळचे दोन परत मिळत नाहीत, अशी ही कल्पना आहे. एकोणिसाव्या शतकातले भलेभले शास्त्रज्ञही असेच मानत. ब्रनो शहरातल्या मठात ग्रेगोर मेंडेलने वाटाण्यावर प्रयोग केले आणि 1866 साली ते छापून आले. गोल दाण्याच्या आणि सुरकुतलेल्या दाण्याच्या झाडांचा संकर केला, तर पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल. सुरकुती नाहीशी झाली म्हणावे, तर पुढच्या पिढीत 5474 गोल दाण्यांबरोबर 1850 सुरकुतलेले दाणे हजर, आणि तेही अर्धवट सुरकुतलेले नव्हेत, पूर्वीइतकेच. म्हणजे काहीही मिसळले नव्हते. एक पिढीभर ते फक्त दिसेनासे झाले होते. वडिलोपार्जित शेताशी ताडून पाहिले तर फरक नीट कळतो. चार भावांत जमीन वाटली की प्रत्येकाला तुकडा येतो, नातवंडांना त्याहून लहान तुकडा. जनुकाचे तुकडे पडत नाहीत. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. अपत्याला त्यातली एकच मिळते, पण अख्खी मिळते. कोणती मिळणार ते नाणे उडवल्यासारखे ठरते. पणजीची एखादी प्रत पणतीकडे जशीच्या तशी पोचते, आणि मधल्या दोन पिढ्यांत तिची कुणाला चाहूलही लागत नाही.

आता मुंबई, 1952. डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया आणि इंग्लंडमधले त्यांचे सहकारी यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. त्यांना काय दिसले हे समजायला रक्तपेढीच्या टेबलापाशी जावे लागेल. पांढऱ्या टाइलवर रक्ताचे थेंब ठेवतात. एकात निळा द्राव, म्हणजे ए-विरोधी प्रतिद्रव्य, दुसऱ्यात पिवळा, म्हणजे बी-विरोधी. काडीने ढवळून टाइल हलवली की गुठळ्या धरतात किंवा धरत नाहीत. निळ्यात धरल्या तर ए, पिवळ्यात धरल्या तर बी, दोन्हींत धरल्या तर एबी, कशातच नाही तर ओ. चांगल्या पेढीत यानंतर उलटी तपासणीही होते. माणसाच्या रक्तातला द्रव वेगळा काढून तो ए, बी आणि ओ गटाच्या ठाऊक पेशींवर टाकतात. ओ माणसाचा द्रव ए आणि बी पेशींना गोठवतो, ओ पेशींना हात लावत नाही. भेंड्यांपुढे आलेली माणसे पहिल्या तपासणीत बिनचूक ओ होती, पण त्यांच्या रक्तातला द्रव ओ पेशींच्याही गुठळ्या करत होता. ओ म्हणजे सगळ्यांना चालणारे रक्त हे आपण शाळेपासून घोकलेले, आणि या माणसांना नेमके तेच चालत नव्हते. चुकून दिले असते तर जीव गेला असता. या गटाला 'बॉम्बे' नाव पडले. शहर मुंबई झाले तरी रक्तगट बॉम्बेच राहिला.

कारण उलगडले ते असे. ए आणि बी ही लाल पेशीवरची साखरेची छोटी टोके आहेत. ती नुसत्या पेशीवर बसत नाहीत, आधी एच नावाचा पाया लागतो. ओ माणसाकडे पाया असतो, वरचे टोक नसते. बॉम्बे गटाच्या माणसाकडे पायाच नसतो. ए किंवा बी टोक बनवणारे जनुक नवव्या गुणसूत्रावर आहे, पाया घालणारे एकोणिसाव्यावर. दोघांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, ते स्वतंत्रपणे पुढच्या पिढीत जातात. म्हणून एखाद्याकडे बी टोकाचे धडधाकट जनुक असूनही पाया नसल्यामुळे तो ओ दिसतो. अमेरिकेत फिलिप लेव्हीन यांनी 1955 साली अशाच एका बाईची वंशावळ मांडली. ती स्वतः ओ ठरली होती, पण तिने आपल्या अपत्याला बी दिला होता. जे तिच्यात कधी दिसलेच नाही ते तिने पुढे पोचवले. मला वाटते, आनुवंशिकीच्या पाठ्यपुस्तकात वाटाण्याआधी हे प्रकरण घ्यावे. असणे आणि दिसणे यांतला फरक वाटाण्याच्या सुरकुतीपेक्षा इथे जास्त झोंबतो. आणखी एक गोष्ट झोंबते. असा बाप आणि खरोखरीच्या ओ गटाची आई यांना ए किंवा बी गटाचे मूल होऊ शकते. शाळेतला तक्ता म्हणतो, अशक्य. मग बोट कोणाकडे जाते हे सांगायला नको. तक्ता चुकत नाही, तो अपुरा आहे, आणि त्या अपुरेपणाची किंमत बाईच्या चारित्र्यातून वसूल होते.

पाया का नसतो? जनुकातले एक अक्षर बदललेले असते. जनुक म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला लांबलचक मजकूर. भारतातल्या बॉम्बे गटात पायाच्या जनुकातले 725वे अक्षर टी ऐवजी जी झालेले आढळते, तेवढ्याने त्या जनुकाचे काम थांबते. इंग्रजीत तलाठ्याकडच्या फेरफाराला आणि जनुकातल्या बदलाला म्युटेशन हा एकच शब्द आहे. आपण दुसऱ्यासाठी उत्परिवर्तन असा जडजंबाल शब्द घडवला. फेरफार पुरला असता असे मला वाटते, कारण साम्य खरे आहे. नोंद एकदा झाली की पुढचे सगळे उतारे तिच्याप्रमाणे निघतात, आणि नोंद कोणत्या गावी झाली तेही शोधता येते. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर हा एच-पाया नसलेली माणसे बऱ्यापैकी आढळतात. तपासले तेव्हा दोन वेगवेगळे फेरफार निघाले. भारतीय मुळाच्या कुटुंबांत हाच 725वा, युरोपीय मुळाच्या लोकांत दुसऱ्याच ठिकाणचा. परिणाम मिळताजुळता, पूर्वज निराळे.

फेरफार म्हणजे बिघाड, हा समजही इथेच सोडायला हवा. बॉम्बे गटाचा माणूस रक्त लागेपर्यंत ठणठणीत असतो. पायाच्या जनुकाशेजारचे आणखी एक जनुक भारतातल्या या गटात बहुधा गळालेलेच असते, आणि ते जनुक बंद असलेल्यांना उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसच्या पुष्कळशा प्रकारांची बाधा होत नाही. याहून मोठे उदाहरण सिकलसेलचे. निलगिरीतल्या आदिवासींत तो आढळल्याची बातमीही 1952 सालचीच. विदर्भ आणि नंदुरबारला हा आजार चांगलाच ठाऊक आहे. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी एक घटक बदललेला असतो, बस्स. ती प्रत दोन्हीकडून मिळाली तर वेदनांचे झटके आणि रक्तक्षय. एकीकडूनच मिळाली तर माणूस सहसा निरोगी राहतो, आणि बालपणीच्या जीवघेण्या मलेरियापासून त्याला बरेच संरक्षणही मिळते. हे 1954 साली अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेत दाखवले. मलेरियाच्या रानात शतकानुशतके ही प्रत टिकली ती या फायद्यामुळे. फेरफार चांगला की वाईट हे तो कोणत्या गावी झाला, जोडीला दुसरी प्रत कोणती आहे आणि आसपास डास आहेत का, यावर ठरते. त्याच्या अंगी उपजत गुण किंवा दोष नसतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो जाणत्या घरांतून. सगोत्र लग्न टाळा हे आपल्या पूर्वजांनी केव्हाच सांगून ठेवले, मग विज्ञानाने नवे ते काय सांगितले? आक्षेप हसण्यावारी नेऊ नये. जवळच्या नात्यात लग्न नको ही जाण त्या नियमात आहेच. पण नियम मोजतो कोणाला ते पाहा. एकाच गोत्रातले वर-वधू दहा पिढ्यांमागच्या एका जोडप्याचे वंशज आहेत असे धरू. त्यांच्या अपत्याला एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती त्याच जोडप्याच्या एकाच मूळ प्रतीवरून उतरून येण्याची शक्यता सुमारे दहा लाखांत एक. हे लग्न निषिद्ध. मामाची मुलगी मात्र वेगळ्या गोत्राची, म्हणून चालते, आणि अनेक घरांत तिचा पहिला मान. तिथे हीच शक्यता सोळात एक. कर्नाटकात मामा-भाचीचे लग्नही रूढ आहे, तिथे आठात एक. इरावती कर्वे यांनी 1953 साली भारतातल्या नातेसंबंधांवर लिहिलेल्या ग्रंथात उत्तर आणि दक्षिण या दोन पद्धतींच्या सांध्यावर महाराष्ट्र बसवला होता तो याच कारणाने. बंगळूर आणि म्हैसूरच्या इस्पितळांत 1980च्या दशकात झालेल्या मोठ्या पाहणीत सुमारे तिसरा हिस्सा लग्ने जवळच्या नात्यातली निघाली. बॉम्बे गटाचाच हिशेब करू. आपल्याकडे तो ढोबळमानाने दहा हजारांत एकाला असतो. लग्ने मुक्तपणे होतात असे धरले तर त्या बदललेल्या प्रतीचे प्रमाण शंभरात एक येते, आणि ती एकच प्रत बाळगणारा, म्हणजे वाहक, पन्नासात एक. मामेबहिणीशी लग्न झाले की असे मूल होण्याची शक्यता दहा हजारांत एकाऐवजी सात होते, भाचीशी झाले तर तेरा. गोत्राने आईकडची वाट मोजलीच नाही, आणि आपण त्याला शास्त्र म्हणत राहिलो.

बरे, नात्यात लग्न केले नाही, पण पोटजातीत केले, तर भागले? तेवढ्याने भागत नाही. कर्वे आणि कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींची शारीरिक मोजमापे आणि रक्तगट तपासून 1968 साली निष्कर्ष छापले. दर्जाने सारखे आणि नावाने ब्राह्मणच असलेले हे गट जीवशास्त्रीय दृष्ट्या एकमेकांपासून वेगळे निघाले. जात ही एकाच खोडाला फुटलेल्या फांद्यांची उतरंड, ही समजूत त्यामुळे डळमळली. आपल्या विषयापुरता अर्थ एवढाच, की आपापल्या कुंपणात पिढ्यान् पिढ्या लग्ने करणाऱ्या प्रत्येक गटाने आपापले फेरफार साठवून ठेवले आहेत. यात कोणाचा गट शुद्ध आणि कोणाचा भ्रष्ट असला प्रश्नच उरत नाही. साठा सगळ्यांकडे आहे, फक्त यादी वेगळी.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. दहा हजारांतल्या एकासाठी एवढे आकांडतांडव कशाला, आणि लग्नाआधी वाहकांच्या तपासण्या सुरू झाल्या की वाहक मुलींची लग्ने मोडणार नाहीत का? पहिल्या भागाला उत्तर सोपे आहे. बॉम्बे गट दुर्मीळ असला तरी त्याच नियमाने चालणारा थॅलेसेमिया आणि सिकलसेल दुर्मीळ नाहीत. सिकलसेलच्या निर्मूलनासाठी 2023 साली केंद्र सरकारला देशव्यापी मोहीम काढावी लागली. दुसऱ्या भागातली भीती खरी आहे आणि ती उडवून लावणारा तज्ज्ञ मला बेफिकीर वाटतो. 'दोषी' असा शिक्का बसला तर तो मुलीवर आधी बसणार. पण या शिक्क्याला बळ देते ती रक्ताची जुनी कल्पना, जिच्यात एक थेंब सगळे नासवतो. प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या अशा प्रतीचा वाहक असतो, हे एकदा डोक्यात बसले की शिक्का मारायला कपाळच उरत नाही. वाहक असणे हा आजार नव्हे. दोन वाहक एकत्र आले तर दर गरोदरपणात चारात एक धोका, आणि तो आधी कळला तर डॉक्टरांकडे त्यावर उपाय आहेत. तपासणी दोघांची व्हावी, मुलाची आधी झाली तर उत्तम, आणि निकाल त्या दोघांच्याच हाती द्यावा, सोयरिकीच्या बैठकीत वाचू नये.

राहिला बॉम्बे गट. त्याच्या रुग्णाला त्याच गटाचे रक्त लागते आणि ते पेढीत तयार मिळेल याचा भरवसा नसतो, म्हणून दात्यांची यादीच कामाला येते. देशभरातल्या अशा दात्यांची नोंद ठेवण्याचे काम बंगळूरची संकल्प इंडिया फाउंडेशन ही संस्था करते, आणि 2017 साली म्यानमारमधल्या एका हृदयशस्त्रक्रियेसाठी हे रक्त कर्नाटकातून गेले होते. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था आहे, तिथे अवघड गटांची तपासणी होते. ज्यांच्या कार्डावर ओ लिहिले आहे त्यांनी पुढच्या रक्तदानाच्या वेळी एवढे विचारावे, की उलटी तपासणी ओ पेशींवरही केली का. आणि कोणी बॉम्बे निघालाच, तर सख्ख्या भावंडांना त्याच आठवड्यात पेढीत न्यावे: आई-बाप दोघे वाहक असतील तर त्यांच्यातल्या प्रत्येकाचा गट तोच असण्याची शक्यता चारात एक आहे.